कंपनीचा डेक, वर अ‍ॅम्प आणि वूफर: मेहुण्याच्या गाडीचं प्रकरण

धाकट्या मेहुण्याचे दोन फोन आले. पहिला दिवाळीच्या आधी, "दाजी, गाडीत बारा इंची बसवलाय, या एकदा ऐकायला." दुसरा पंधरा दिवसांनी, आवाज एकदम पडलेला, "दाजी, गाडी कुईं करतीय. एक्सलेटर दिला की अजून जोरात करतीय."

मी काय साउंडवाला नाही, पण मल्टीमीटर आहे आणि रविवार मोकळा असतो, त्यामुळे सासुरवाडीत अशी कामं माझ्याकडेच येतात. दोन रविवार गेले यात. काय सापडलं, काय मोजलं, काय बदललं ते सगळं सविस्तर लिहितोय. गाडीच्या कंपनीचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम घेत नाही.

गाडी पाच वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, वॉरंटी संपलेली. कंपनीचा टचस्क्रीन डेक, रिव्हर्स कॅमेरा त्याच्यावरच दिसतो आणि स्टिअरिंगवरची बटणं पण त्यालाच जोडलेली, म्हणून डेक बदलायचा नाही ही मेहुण्याची अट. डेकच्या मागे आरसीए आउटपुट (बाहेरच्या मशीनला बारीक सिग्नल देणाऱ्या गोल पिना) नाही, फक्त चार स्पीकरच्या वायरी. दुकानाने बसवलेला माल म्हणजे दोन कॉइलचा बारा इंची वूफर (प्रत्येक कॉइल ४ ओम, पॅरलल जोडून २ ओम), पोर्टवाला मोठा बॉक्स, '१२०० वॅट' छापलेला मोनो अ‍ॅम्प, एक वायर किट आणि एक एलओसी. एलओसी म्हणजे सीमेवरची नव्हे, स्पीकरचा मोठा सिग्नल बारीक करून आरसीएवर देणारी काडेपेटीएवढी डबी. सगळं मिळून १७ हजार, दोन तासांत फिटिंग. डिकी संपली. सासूबाईंचं म्हणणं एवढंच की आता गावाहून तांदूळ आणायचे कशात.

तक्रारी तीन होत्या. एक, ती कुईं. दोन, व्हॉल्यूम २५ च्या पुढे नेला की धपधप वाढायच्या ऐवजी गायब, नुसता वरचा कर्कश आवाज. तीन, वीस-पंचवीस मिनिटं जोरात वाजवलं की अ‍ॅम्पचा लाल दिवा लागतो आणि वूफर बंद, खंबाटकी घाट चढून जाईपर्यंत काय टिकत नाही. मेहुण्याचं निदान तयार होतं, अ‍ॅम्प कमी पडतोय, २००० वॅटचा घेऊ. म्हटलं थांब जरा.

आधी ते वॅटचं बघू, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. अ‍ॅम्पवर काय छापलंय ते सोडा, त्याच्या अंगावरचे फ्यूज बघा. याला २० चे दोन होते, म्हणजे ४० अँपिअर. गाडी चालू असताना १३.८ व्होल्ट धरले तर आत जाऊ शकतात साधारण ५५० वॅट, आणि क्लास डी अ‍ॅम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बाहेर येणार ४४० च्या आसपास. १२०० कुठून येणार? बॉक्समधल्या कागदावर बारीक अक्षरात खरं लिहिलेलं होतंच, २ ओमला ४०० वॅट आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे खरे वॅट. वूफरवर आरएमएस ३००. म्हणजे अ‍ॅम्प कमी नव्हताच, उलट वूफरला जास्तच होता.

डेकचं पण तसंच. '५० वॅट गुणिले ४' लिहिलेलं असतं ना, ते १४.४ व्होल्टचा वर्ग भागिले ४ ओम, आला ५१.८. म्हणजे सिग्नल पूर्ण चिरडून चौकोनी झाला तरच तेवढे वॅट. स्वच्छ साइन वेव्हला तीच चिप कागदावरच २६ च्या वर जात नाही आणि प्रत्यक्षात १८-२० वर दमते. डेकच्या आत वेगळा मोठा पॉवर सप्लाय नसतो, बॅटरीचे आहेत तेवढेच व्होल्ट, त्यात हे एवढंच होतं. बाहेरून अ‍ॅम्प लावायचं कारण हेच.

पहिल्या रविवारी बॉनेट उघडलं आणि पहिल्यांदा जे दिसलं त्याची तक्रार कुणीच केली नव्हती. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून जाड लाल वायर निघाली ती सरळ फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात. फ्यूज कुठाय? तर मागे डिकीत, अ‍ॅम्पपासून वीतभर अंतरावर. मेहुणा म्हणाला, "फ्यूज हाय की दाजी." अरे बाबा, फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. मधली पाच मीटर वायर कार्पेटखालून, सीटच्या पायाशेजारून जाते, ती कुठेही बॉडीला टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि मागचा फ्यूज आरामात बघत बसतो, कारण करंट त्याच्यापर्यंत जातच नाही. म्हणून फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत पाहिजे.

आता ती वायर फायरवॉलमधून कशी गेली होती ते ऐका. पत्र्याला भोक, भोकाला रबरी ग्रोमेट नाही, वायर पत्र्याच्या कडेवर टेकलेली. टॉर्च मारून बोटाने फिरवून बघितली तर लाल इन्सुलेशनला नखाएवढी खाच पडलेली आणि आत तार चमकत होती. तिथे वळवून अजून थोडी दाबली असती तर संपलंच होतं. पंधरा दिवसांत एवढं कापलं गेलं होतं, तेही चांगल्या रस्त्यावर. मेहुण्याला तिथे हात लावायला सांगितलं, नंतर तो बराच वेळ काही बोलला नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढली, मग चहा.

वायर बाहेर काढल्यावर अजून एक गंमत. पाकिटावर ४ गेज. ४ गेज तांबं म्हणजे २१ चौरस मिलिमीटर. हिच्यात इन्सुलेशनच एवढं जाड की आत जेमतेम ८ चौरस मिलिमीटर धातू, म्हणजे खरं तर ८ गेज. आणि तारा ब्लेडने खरवडल्या तर वरचा तांबडा रंग निघाला आणि आत पांढरं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. या तारेचा रेझिस्टन्स शुद्ध तांब्याच्या साधारण १.६ पट असतो.

पण काढायच्या आधी मी आकडे घेऊन ठेवले होते, नाहीतर नंतर फरक कळणार कसा. जुन्या टेबलफॅनची लांब वायर मल्टीमीटरला जोडून पुढची बॅटरी ते मागचा अ‍ॅम्प असं मोजलं. इंजिन चालू, पेन ड्राइव्हवर ५० हर्ट्‌झचा टोन, वूफर जोडलेला, एका वेळी दोन-तीन सेकंदच (जास्त वेळ टोन वाजवला तर कॉइल तापते, हे विसरू नका). मित्राच्या डीसी क्लॅम्प मीटरवर करंट ३० अँपिअरच्या आसपास. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर १२.१. मधले १.८ गेले कुठे? पॉझिटिव्ह वायरमध्ये ०.७. आणि निगेटिव्हच्या बाजूला, जिथे वायर हातभर पण नाही, तिथे १.१!

तर अर्थ कुठे मारला होता बघितलं. डिकीच्या लॉकजवळचा एक स्क्रू, वायर त्याच्याखाली नुसती पिळून दाबलेली, लग (वायरच्या टोकाला दाबायचा धातूचा कडा) नाही, आणि खाली कंपनीचा पेंट जशाच्या तसा. करंट बिचारा स्क्रूच्या आट्यांमधून वाट काढत होता. माणसं लाल वायरची एवढी काळजी करतात, पण जेवढा करंट त्या वायरने जातो तेवढाच काळ्या वायरने परत यायचा असतो हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

तिसरी तक्रार इथेच निम्मी सुटली होती. अ‍ॅम्पला व्होल्ट कमी, त्यात गेन (आत आलेला सिग्नल किती वाढवायचा ते बटण) पूर्ण उजवीकडे, बेस बूस्ट पण फुल. बूस्ट १२ डीबीचा असला तर तो त्या फ्रिक्वेन्सीला १६ पट पॉवर मागतो, ती आणणार कुठून, मग सिग्नल चिरडला जातो, अ‍ॅम्प तापतो आणि प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. वर तो बॉक्सच्या पाठीला स्क्रूने घट्ट बसवलेला, एका बाजूला कार्पेट, हवा खेळायला जागा नाही.

आता कुईं. इंजिनच्या आरपीएमबरोबर सूर चढत असेल तर तो अल्टरनेटरचा, पण आत शिरतो कुठून ते शोधायचं. अ‍ॅम्पची आरसीए उपटली, आवाज बंद. अ‍ॅम्पच्या इनपुटला आरसीएची पिन-बॉडी शॉर्ट केलेला प्लग लावला, तरी शांत. म्हणजे अ‍ॅम्प निर्दोष, कचरा सिग्नलच्या वायरीतून येतोय. आणि येणारच, कारण डेकचा अर्थ डॅशबोर्डमागे, अ‍ॅम्पचा अर्थ त्या पेंटवाल्या स्क्रूवर, दोघांच्या 'शून्यात' एक व्होल्टचा फरक, त्यात अल्टरनेटरची लहर मिसळलेली, आणि दोघांना जोडणारी आरसीएची शील्ड. तो फरक अ‍ॅम्प गाणं समजून वाजवत होता. शिवाय आरसीए आणि पॉवर वायर एकाच बाजूने, एकाच टेपमध्ये गुंडाळून आणलेली. कामगाराने व्यवस्थितपणा दाखवला तो नेमका चुकीच्या जागी.

पहिला रविवार तिथे संपला. मधल्या आठवड्यात पुण्याच्या तपकीर गल्लीतून २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल आणली, कार ऑडिओच्या किटपेक्षा स्वस्त पडते, लवचिक असते, आणि आत तांबं आहे ते दिसतं. लग, हीट श्रिंक, ग्रोमेट, ६० अँपिअरचा फ्यूज होल्डर. सगळं दोन हजारांच्या आत-बाहेर.

दुसऱ्या रविवारी सकाळपासून काम. नवीन केबल कंपनीच्या हार्नेसचा (वायरींच्या जुडग्याचा) जो मोठा रबर असतो त्याच्यातून घेतली, उजव्या बाजूने मागे नेली. लग पक्कडीने दाबून चालत नाहीत, कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून हायड्रॉलिक क्रिम्पिंगचं मशीन तासाभरासाठी मागून आणलं. अर्थसाठी डिकीत बॉडीच्या जाड भागावर जागा निवडली, खाली पेट्रोलची टाकी, पाइप काही नाही ना ते गाडीखाली वाकून बघितलं, पॉलिश पेपरने पेंट घासून पत्रा पांढरा चमकेपर्यंत आणला, बोल्ट, स्टार वॉशर, लग, आणि वरून गंज लागू नये म्हणून पेंट. सीट बेल्टचा बोल्ट हाताशी असतो, मोह होतो, पण त्याला हात लावायचा नाही, तो जीव वाचवायला आहे. आणि अजून एक, नवीन गाड्यांमध्ये बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट मोजणारा सेन्सर असतो, तिथे अर्थ थेट बॅटरीच्या खांबावर नेला तर तो करंट गाडीला दिसतच नाही आणि चार्जिंगचा हिशोब बिघडतो. या गाडीत तो नव्हता, तरी अर्थ बॉडीलाच दिला.

परत तोच टोन, साधारण तेवढाच करंट. पॉझिटिव्हमध्ये ०.२, अर्थमध्ये ०.१, अ‍ॅम्पवर १३.६ व्होल्ट. मेहुण्याने मीटर स्वतःच्या हातात घेऊन परत एकदा बघितलं.

कुईं यानेच बरीचशी गेली. राहिलेल्यासाठी एलओसी काढून टाकली, आणि इथे मला हसावं का रडावं कळेना, कारण अ‍ॅम्पला स्वतःचा हाय लेव्हल इनपुट (स्पीकरच्या वायरी थेट घेणारा) होता, पांढरा छोटा कपलर, आणि त्याची वायर अ‍ॅम्पच्या मूळ खोक्यात पिशवीतही न फोडलेली पडून होती. एलओसीची गरजच नव्हती. एलओसी जिथे जोडली होती तिथूनच मागच्या स्पीकरच्या वायरी घेतल्या आणि थेट कपलरला दिल्या, पॉवरच्या विरुद्ध बाजूने. एक लक्षात ठेवा, आजच्या डेकमध्ये स्पीकरची निगेटिव्ह म्हणजे अर्थ नव्हे. दोन्ही वायरींवर डेक चालू असताना सहाएक व्होल्ट डीसी असतात, त्यातली एक जरी बॉडीला टेकवली तर डेकची चिप जाऊ शकते. जुन्या टेपच्या काळातले काही वायरमन अजून तसं करतात.

राहिली दुसरी तक्रार, बेस गायब व्हायची, आणि मला सगळ्यात जास्त मजा हिच्यातच आली. मेहुण्याला वाटायचं वूफर दमतो. मी वूफर काढून ठेवला आणि मागच्या स्पीकरच्या वायरींवर एसी व्होल्ट मोजले, डेकचा बेस-ट्रेबल मधोमध, एकदा ५० हर्ट्‌झ आणि एकदा ३०० हर्ट्‌झचा टोन (साधा मल्टीमीटर ४०० च्या वर खोटं बोलायला लागतो म्हणून ३००). व्हॉल्यूम १५ ला दोन्हीकडे १.७ व्होल्ट. २० ला दोन्हीकडे ३.१. २२ ला ३.८ आणि ३.९. इथपर्यंत जोडीने. २६ ला ३०० हर्ट्‌झ ५.८ वर गेला आणि ५० हर्ट्‌झ ३.६ वर आला. ३० ला वरचा ७.७ आणि खालचा ३.० वर.

म्हणजे डेक स्वतःच व्हॉल्यूम वाढला की बेस कापतो. बिघाड नाही, कंपनीने मुद्दाम केलेलं असतं, कारण दारातले कागदी कोनचे हलके स्पीकर मोठ्या आवाजात खालचे सूर घेताना फाटतात. कंपनीच्या दृष्टीने बरोबरच आहे, पण आपण वूफरला सिग्नल तिथूनच देतो, त्यामुळे जेव्हा वूफर जोरात पाहिजे तेव्हाच त्याला उपाशी ठेवलं जातं. २००० वॅटचा अ‍ॅम्प आणला असता तरी त्याने काय वाढवलं असतं, जे आलंच नाही ते?

उपाय तीन डोक्यात होते. डेक बदलणं, तर कॅमेरा आणि बटणं जाणार. बेस परत भरून काढणारा डीएसपी (सिग्नल डिजिटल पद्धतीने सुधारणारं यंत्र), चांगला उपाय पण बजेटच्या बाहेर, आणि तो सेट करायला लागतो तो मायक्रोफोन माझ्याकडे नाही. तिसरा जरा आडवळणाचा: डेकला २२ च्या वर जायची गरजच पडू द्यायची नाही. २२ पर्यंत सिग्नल सरळ आहे, मग तिथेच आवाज पुरेसा मोठा झाला पाहिजे. त्यासाठी पुढच्या दोन दारांनाही अ‍ॅम्प. दोन चॅनेलचा छोटा क्लास डी, ४ ओमला ५० वॅट आरएमएस, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे मावतो, साडेचार हजार. त्याची पॉवर बॅटरीपाशीच वेगळ्या १५ अँपिअरच्या फ्यूजमधून. वायर कापायची नाही म्हणून डेकच्या मागे कपलरवाला हार्नेस घातला, उद्या काढला की गाडी होती तशी. तो अ‍ॅम्प स्पीकर वायरवरचे ते सहा व्होल्ट बघून आपोआप चालू होतो आणि मागच्या अ‍ॅम्पलाही रिमोटचा इशारा देतो. काही डेकना स्पीकर दिसला नाही की ते रुसतात, मग रेझिस्टर लावून फसवावं लागतं, हा रुसला नाही.

मग सेटिंग, डेक २२ वर ठेवून. वूफर काढून, ५० हर्ट्‌झचा टोन, अ‍ॅम्पच्या आउटपुटला एसी व्होल्ट. पाहिजेत ३०० वॅट, २ ओम, तर वॅट गुणिले ओमचं वर्गमूळ, २४.५ व्होल्ट. गेन शून्यापासून हळूहळू वाढवत नेला तर साधारण एक तृतीयांशावरच २४.५ आले! दुकानाने शेवटपर्यंत पिळला होता. बूस्ट शून्य. दारांना ३० वॅटवरच थांबलो, म्हणजे ११ व्होल्ट, स्पीकर कंपनीचेच आहेत, त्यांचा अंत बघायचा नाही. पूर्वी ३० व्हॉल्यूमला त्यांना मिळत होते जेमतेम १५ वॅट, आता २२ ला त्याच्या दुप्पट, आणि ८० हर्ट्‌झच्या खालचं त्यांच्याकडे जातच नाही. वूफरला ८० च्या खालचं. वूफरच्या वायरी एकदा उलट-सुलट करून ड्रायव्हरच्या सीटवर बसून ऐकलं, ८० चा टोन उलट जोडणीत स्पष्ट भरदार आला, तशाच ठेवल्या. मोनो अ‍ॅम्प बॉक्सवरून काढून सीटच्या पाठीवर फळी मारून बसवला, मागे बोटभर हवा.

गाणं लावलं. मेहुणा पुढे, मी मागे. पहिली दोन मिनिटं कुणी बोललं नाही, मग तो म्हणाला, "दाजी, धपधप कमी झाली का वो?" कमी नव्हती झाली, सरळ झाली होती. आधी एकाच सुरावर घुमायचं, तेवढंच त्याच्या कानात बसलेलं. ढोलकीची शाई आणि धूम वेगवेगळी ऐकू आल्यावर त्याला पटलं, तेही पूर्ण नाही.

मग खडखड सुरू झाली, कारण आता खरा बेस येत होता. अर्धा तास टोन लावून गाडीभर हात दाबत फिरलो. पान्ह्याची पिशवी, ती जुन्या टॉवेलात गुंडाळली. पार्सल ट्रेच्या खुंट्या, त्यांना फेल्ट. आणि सगळ्यात मोठी बोंब मागच्या नंबर प्लेटची. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) असल्यामुळे स्नॅप लॉक काढता येत नाहीत, काढले तर तुटतात, म्हणून पातळ फोम टेपची पट्टी मोजपट्टीनेच प्लेटमागे सारली, चारही कडांना. बंद.

त्यानंतर तो गावाला जाऊन आला, खंबाटकी चढून आणि उतरून. लाल दिवा लागला नाही, अ‍ॅम्प हाताला कोमट. बॉक्स डिकीत आहेच, तांदूळ मागच्या सीटवर बसून आले. एक बारीकशी चिरचिर अजून येते, फोन यूएसबीला चार्जिंगला लावून त्याच वायरने गाणी लावली तरच, आणि गाडी उभी असतानाच ऐकू येते. ब्लूटूथवर लावलं की नाही. ती तशीच सोडलीय.